असीमा चॅटर्जींवर प्रदर्शन, सप्तपर्णीची चाचणी आणि रिकामा निघालेला क्लोरोफॉर्म

वाशी_खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. नवी मुंबईतल्या एका फार्मसी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. २३ सप्टेंबर हा वनस्पतींतल्या रसायनांवर संशोधन करणाऱ्या असीमा चॅटर्जींचा जन्मदिवस आणि २५ सप्टेंबरला जागतिक फार्मासिस्ट दिन. दोन्ही धरून तीन दिवसांचं छोटं प्रदर्शन आमच्या चौघांच्या गटाकडे आलंय. दोन पोस्टर आणि एक प्रात्यक्षिक. बघायला येणार ती बहुतेक अकरावी-बारावीची मुलं.

अडचणी अशा:

पोस्टरसाठी माहिती शोधली तर प्रत्येक ठिकाणी वेगळं. कुठे ‘डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय महिला’, कुठे ‘कॅन्सरवरच्या औषधाचा शोध लावला’. यातलं खरं काय आणि पोस्टरवर काय ठेवावं?

प्रात्यक्षिक सप्तपर्णीचं करायचं ठरवलं, कारण त्यांनी या झाडावर काम केलंय आणि आमच्या सेक्टरात दर चौथं झाड तेच आहे. काष्ठौषधीच्या दुकानातून साल आणली. १० ग्रॅम भरड, १०० मिली मिथेनॉलमध्ये रात्रभर भिजवली, गाळून आटवली, ५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये घेतली, कॉस्टिक सोड्याने अल्कली केली आणि क्लोरोफॉर्मने काढली. पहिल्यांदा मध्ये साबणाच्या फेसासारखा थर बसला, तो दोन तास हलला नाही. कसाबसा क्लोरोफॉर्म वेगळा करून आटवला तर मेयर्सला (अल्कलॉइड्स, म्हणजे वनस्पतींतली नायट्रोजनवाली संयुगं, ओळखायचं रिएजंट) काहीच नाही. गंमत म्हणजे जे पाणी फेकून देणार होतो त्यात मेयर्सचे दोन थेंब टाकले तर गढूळ झालं. म्हणजे चुकलं कुठे?

शिवाय रस्त्यावरच्या झाडांची पानं-साल तोडलेली चालते का?

खलबत्ता

आधी सालीचं बोलू, कारण तुमचा प्रयोग फसलेला नाही. चुकीच्या भांड्यात उत्तर शोधलंत एवढंच.

ॲसिड-अल्कली पद्धत चालते ती एका गृहीतावर. अल्कलॉइडच्या नायट्रोजनवर ॲसिडमधला प्रोटॉन बसला की मीठ होतं आणि ते पाण्यात उतरतं. अल्कली घातली की प्रोटॉन निघतो, मोकळा बेस राहतो आणि तो क्लोरोफॉर्ममध्ये जातो. सप्तपर्णीच्या सालीतलं मुख्य अल्कलॉइड एकिटामिन या गृहीतात बसत नाही. ते क्वाटर्नरी आहे. नायट्रोजनला चार कार्बन जोडलेले, भार कायमचा. काढून टाकायला प्रोटॉनच नाही, त्यामुळे अल्कली कितीही घाला, ते पाण्यातच राहणार. म्हणून क्लोरोफॉर्म रिकामा आणि पाणी गढूळ.

मात्र ‘पाणी गढूळ झालं’ यावर लगेच विश्वास ठेवू नका. मेयर्समध्ये पोटॅशियम मर्क्युरिक आयोडाइड असतं. तेच अल्कलीत घेतलं की नेसलरचं रिएजंट होतं, जे अमोनिया ओळखायला वापरतात. तुमचं पाणी अल्कलीच होतं. पाऱ्याची संयुगं अल्कलीत अशीही खाली बसू शकतात. तेव्हा ते पाणी थोडं घ्या, विरळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने पीएच २-३ वर आणा, गाळा आणि मग मेयर्स टाका. साका मलईसारखा पांढरट आला तर अल्कलॉइड. पिवळट-तपकिरी येऊन ॲसिडने नाहीसा होत असेल तर तो रिएजंटचा खेळ.

आता फेसाचा थर. त्याची दोन कारणं. सालीत सॅपोनिन असतात, ती मुळातच फेसाळ. दुसरं कारण कॉस्टिक सोडा: उरलेल्या स्निग्धाचा त्याने साबण होतो. अमोनिया वापरा. त्याचा आणखी फायदा असा की फिनॉल गट असलेली अल्कलॉइड्स कॉस्टिकमध्ये पुन्हा मीठ होऊन पाण्यात पळतात आणि एस्टर असतील तर तुटतात. अमोनिया तेवढा कडक नाही, शिवाय आटवताना उडून जातो.

आणि थर वेगळे करायचं फनेल हलवू नका. ताक घुसळतो तसं तर नाहीच. आडवं धरून हळूहळू उलटं-सुलटं करायचं, दर दोन-तीन वेळांनी कॉक उघडून दाब सोडायचा. तरी इमल्शन, म्हणजे तो न हटणारा फेसाळ थर, झालंच तर चिमूटभर मीठ, नाहीतर थेंब-दोन थेंब अल्कोहोल. त्यानेही हटलं नाही तर मधला थर कापसाच्या बोळ्यातून गाळा.

प्रात्यक्षिकाला साल सोडा, पानं घ्या. पानांत पिक्रिनिनसारखी इंडोल अल्कलॉइड्स आहेत, ती टर्शरी आहेत (नायट्रोजनला तीनच कार्बन, कायमचा भार नाही) आणि क्लोरोफॉर्ममध्ये येतात. सप्तपर्णीच्या पानांतल्या अल्कलॉइड्सवरचं काम चॅटर्जींच्या गटाने १९६० च्या दशकात केलं, त्यामुळे विषयाला धरूनही होईल.

पानांची रीत:

ओली पानं साधारण ५० ग्रॅम घ्या. तोडताना देठातून पांढरा चीक येतो, तो हाताला लागू देऊ नका, डोळ्यांना तर अजिबात नाही. धुऊन, पाणी निथळून, मधली शीर काढून वाळवा. पुस्तकात ‘सावलीत सात दिवस’ लिहिलेलं असतं, पण सप्टेंबरात आपल्याकडची हवा अशी की तिसऱ्या दिवशी बुरशी. ट्रे ड्रायर ४०-४५ अंशांवर ठेवा, पान बोटात चुरलं की झालं. भरड करा, मैदा नको. फार बारीक केलं तर गाळताना कागद तुंबतो.

१० ग्रॅम भरड, १०० मिली मिथेनॉल, झाकून २४ तास, अधूनमधून हलवून. गाळून वॉटर बाथवर ५ मिलीपर्यंत आटवा. बर्नरची ज्योत जवळपास नको. आता यात ३० मिली २ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड ढवळत ओता. हिरवा चिकट डांबरासारखा गोळा वेगळा पडेल, ते क्लोरोफिल आणि मेण. इथे घाई केली की सगळं बिघडतं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, आधी कापसातून आणि मग फिल्टर पेपरातून गाळा. पेपरातून खाली आलं ते पिवळसर, पारदर्शक असायला हवं. हिरवं असेल तर पुन्हा गाळा.

गाळलेलं पाणी पेट ईथरने (पेट्रोलियम ईथर) दोनदा धुवा, दर वेळी १५ मिली, आणि वरचा ईथरचा थर काढून टाका. अल्कलॉइड आत्ता मीठ होऊन पाण्यात आहे, ते जात नाही. मग थेंबथेंब अमोनिया, पीएच पट्टीवर ९ ते १०. क्लोरोफॉर्म २० मिलीप्रमाणे तीनदा. एकदम ६० मिली घालून एकदाच काढलं तर तेवढं निघत नाही, वाटणीचं गणित तसंच आहे. क्लोरोफॉर्म जड, तो खाली बसतो. पेट ईथरच्या वेळी आपल्याला हवं ते पाणी खाली होतं आणि आता हवं ते क्लोरोफॉर्म खाली आहे. नेमका इथेच गोंधळ होतो. काम संपेपर्यंत एकही थर सिंकमध्ये ओतायचा नाही, सगळ्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या.

क्लोरोफॉर्म ५ ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेटवरून गाळा आणि फ्यूम हूडमध्ये आटवा. तळाला पिवळसर पापुद्रा राहील. वजन करत बसू नका. १० मिली २ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवा, प्रत्येक चाचणीला अर्धा मिली धरला तर २० चाचण्या होतात.

टीटीसी_क्यूसी

खलबत्तांच्या पद्धतीत भर.

कंट्रोलशिवाय प्रात्यक्षिक करू नका. तीन कुप्या शेजारी हव्यात: तुमचा अर्क, नुसतं २ टक्के ॲसिड आणि क्विनिन सल्फेटचं विरळ द्रावण. क्विनिन कॉलेजच्या स्टोअरमध्ये बहुधा असतंच. ते ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली निळं चमकतं, त्यामुळे मुलं तिथेच थांबतील. कॅफिन कंट्रोल म्हणून घेऊ नका. ते अल्कलॉइड म्हणूनच शिकवलं जातं, पण मेयर्सला उत्तर देत नाही, आणि एखादं पोरगं ‘मग चहात का नाही?’ विचारेल तेव्हा तुमची पंचाईत.

मुलांसमोर मेयर्स नकोच, त्यात पारा आहे. वॅग्नर वापरा: आयोडीन १.२७ ग्रॅम, पोटॅशियम आयोडाइड २ ग्रॅम, पाणी १०० मिली. आयोडाइड आधी जेमतेम ५ मिली पाण्यात विरघळवा, त्यात आयोडीन पूर्ण विरघळू द्या, मगच पाणी वाढवा. १०० मिली पाण्यात दोन्ही एकदम टाकलं तर आयोडीन तळाशी बसून राहतं आणि रिएजंट फिकं होतं. अर्ध्या मिलीला दोन थेंब. रिएजंट स्वतःच तपकिरी, त्यामुळे बघायचं ते रंगाकडे नाही, गढूळपणाकडे. मागे छापील अक्षरांचा पांढरा कागद धरा. अक्षरं वाचता आली तर निगेटिव्ह.

हेगरचं रिएजंट म्हणजे पिक्रिक ॲसिड. बाटलीच्या झाकणाभोवती वाळलेले पिवळे कण दिसले तर झाकणाला हात लावू नका, लॅब इनचार्जना बोलवा. वाळलेलं पिक्रिक ॲसिड घर्षणाने फुटतं.

साका न येण्याचं आणखी एक कारण म्हणजे उरलेलं मिथेनॉल. मेयर्सचा साका अल्कोहोलमध्ये विरघळतो, रिएजंट जास्त झालं तरी विरघळतो. ‘येत नाही म्हणून अजून टाकूया’ केलं की आलेलाही जातो.

टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, मिश्रणातले घटक प्लेटवर ठिपक्यांत वेगळे करायची रीत) दाखवणार असाल तर: सिलिका जेल जीएफ २५४ प्लेट, टोल्यूइन, एथिल ॲसिटेट आणि डायएथिलअमाइन ७:२:१. चेंबरमध्ये फिल्टर पेपर उभा करून २० मिनिटं सॅच्युरेट होऊ द्या. डायएथिलअमाइन वगळू नका. सिलिका आम्लधर्मी, बेसला धरून ठेवते आणि ठिपक्याऐवजी लांब शेपूट मिळतं. पण फवारणीआधी प्लेट १०५ अंशांवर दहा मिनिटं तापवून ते पूर्ण घालवा आणि थंड होऊ द्या. अमाइन उरलं तर ड्रॅगनडॉर्फने, म्हणजे अल्कलॉइडचे ठिपके केशरी दाखवणाऱ्या रिएजंटने, अख्खी प्लेट केशरी होते.

ड्रॅगनडॉर्फ: बिस्मथ सबनायट्रेट ०.८५ ग्रॅम, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड १० मिली आणि पाणी ४० मिली, ही एक बाटली. पोटॅशियम आयोडाइड ८ ग्रॅम २० मिली पाण्यात, ही दुसरी. दोन्ही सारख्या मापाने मिसळली की स्टॉक. फवारताना स्टॉक १ मिली, ग्लेशियल ॲसेटिक २ मिली, पाणी १० मिली. फवारा हूडमध्ये.

कचरा: क्लोरोफॉर्मची बाटली वेगळी, पाऱ्याची वेगळी. क्लोरोफॉर्मच्या बाटलीत ॲसिटोन कधीच ओतू नका. अल्कलीचा अंश असेल तर दोघांची प्रक्रिया उष्णता सोडते आणि बंद बाटली फुटू शकते. काचसामान ॲसिटोनने खंगाळून त्याच बाटलीत ओतायची सवय सगळीकडे दिसते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

नौपाडा_वाचनकट्टा

रसायनं मार्गी लागली, आता बाई.

आधी ‘पहिली’ची भानगड. असीमा चॅटर्जींना १९४४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. नेमकं वाक्य असं: भारतीय विद्यापीठाकडून विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या महिला. यातला ‘भारतीय विद्यापीठाकडून’ गाळला की विधान चुकतं. जानकी अम्माळ यांना १९३१ मध्येच अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली होती. आपल्या कमला सोहोनींची केंब्रिजची पीएच.डी. १९३९ ची. त्यांचं नाव मराठी वाचकांना ठाऊक असतं, त्यामुळे पोस्टरसमोर उभा राहिलेला एखादा पालक हमखास अडवणार.

दुसरं, कॅन्सरचं औषध. सदाफुलीतलं विनब्लास्टिन १९५० च्या दशकाच्या शेवटी कॅनडात नोबल आणि बीअर यांच्या कामातून पुढे आलं. विनक्रिस्टिन अमेरिकेत एली लिली कंपनीत निघालं. चॅटर्जींनी व्हिंका (सदाफुलीच्या) गटाच्या अल्कलॉइड्सच्या रसायनावर काम केलं, हे खरं. ‘शोध लावला’ हे खरं नाही. हे वाक्य इतक्या ठिकाणी चिकटलंय की तुमच्या गाइडनाही ते खरं वाटत असेल.

आता जे खरं आहे ते पुरेसं मोठं आहे. जन्म १९१७, कोलकाता. वडील डॉक्टर आणि वनस्पतींचे शौकीन. १९३६ मध्ये स्कॉटिश चर्च कॉलेजातून रसायनशास्त्रात ऑनर्स, १९३८ मध्ये सेंद्रिय रसायनात एम.एस्सी. १९४० मध्ये लेडी ब्रेबॉर्न कॉलेजात रसायन विभाग सुरू करायला त्या गेल्या. ते मुलींचं कॉलेज जेमतेम वर्षभर जुनं होतं. म्हणजे डॉक्टरेट हातात पडायच्या चार वर्षं आधी त्यांनी विभाग उभा करायला घेतला होता. मला विचाराल तर पोस्टरवर सगळ्यात मोठ्या अक्षरात हे यावं. पुरस्कारांची यादी तळाला बारीक.

१९४७ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, तान्ही मुलगी आणि तिला सांभाळणारी बाई यांना बरोबर घेऊन. विस्कॉन्सिन विद्यापीठात एल. एम. पार्क्स यांच्याकडे वनस्पतींतल्या ग्लायकोसाइड्सवर काम. पार्क्स फार्मसीचे माणूस, तेव्हा ‘फार्मासिस्ट दिनाला रसायनवाली बाई कशाला?’ असं कुणी विचारलं तर हे उत्तर हाताशी ठेवा. पुढे कॅलटेकला झेकमाइस्टर यांच्याकडे कॅरोटिनॉइड्स आणि मग झुरिचला पॉल कारर यांच्याकडे अल्कलॉइड्स. कारर १९३७ चे नोबेलवाले. १९५० मध्ये परत. १९५४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ सायन्समध्ये रीडर, १९६२ पासून १९८२ पर्यंत तिथल्या मानाच्या पदावर, खैरा प्रोफेसर.

बाकी झटकन: १९६१ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, तो मिळालेल्या त्या पहिल्या महिला. १९७५ मध्ये पद्मभूषण आणि त्याच वर्षी इंडियन सायन्स काँग्रेसचं अध्यक्षपद, तेही महिलांत पहिल्यांदा. १९८२ ते १९९० राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त. २००६ मध्ये निधन.

एक सुचवणी. झाडाच्या नावातच शिक्षण आहे. अल्स्टोनिया स्कोलॅरिस मधलं ‘स्कोलॅरिस’ आलं ते याच्या लाकडाच्या पाट्यांवरून, ज्यांवर मुलं लिहायची. आणि शांतिनिकेतनला विश्वभारतीच्या पदवीदानात स्नातकांना सप्तपर्णीची पानं देतात, बंगालीत तिला छातिम म्हणतात. कोलकात्याच्या प्राध्यापिकेवरच्या पोस्टरला याहून चांगली सजावट कुठली? थर्माकोलच्या परीक्षानळ्या कृपया नकोत.

वाशी_खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ठेवलेलं पाणी ॲसिड करून, गाळून पुन्हा बघितलं. मेयर्सला मलईसारखा दाट साका आला. तपकिरी नाही. म्हणजे एकिटामिन पाण्यातच होतं.

आता वाटतंय की साल आणि पान दोन्ही दाखवावं. सालीचं पाणी पॉझिटिव्ह-क्लोरोफॉर्म निगेटिव्ह, पानाचा क्लोरोफॉर्म पॉझिटिव्ह. जमेल का? की मुलांना जड जाईल?

आणि झाडाचा प्रश्न राहिला.

खलबत्ता

दाखवा, जड नाही जाणार. चार कुप्या आणि वर एकच प्रश्न: ‘सालीतलं औषध कुठल्या थरात लपलंय?’ अकरावीला अमोनियम आयन शिकलेले असतात. चार हात असलेला नायट्रोजन गोळ्या-काड्यांच्या मॉडेलने दाखवा, एक हातही सुटत नाही हे त्यांनाच ओढून बघू दे.

मात्र दुकानातल्या सालीवर ‘सप्तपर्णी’ अशी पाटी लावण्याआधी ती सप्तपर्णीच आहे का ते बघा. सालीचे तुकडे एकमेकांसारखे दिसतात, भेसळही होते. पानं तुम्ही फांदीसकट आणाल तर ओळख पटवणं सोपं: एका गाठीभोवती चार ते सात पानांचं चक्र, शिरा मधल्या शिरेपासून जवळजवळ काटकोनात निघणाऱ्या, समांतर, आणि चीक. प्रोजेक्ट रिपोर्ट करायचा असेल तर सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमकडून ओळख पटवून घ्या. नुसती पानं नेऊ नका, फूल किंवा शेंग असलेली फांदी लागते. आपल्याकडे ही फुलते पाऊस सरल्यावर, म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर ‘या वासाने डोकं दुखतं, झाड तोडा’ सुरू होतं तेव्हा. त्यामुळे प्रदर्शनाआधी कळीवर समाधान मानावं लागेल.

सेक्टरातला_माळी

रस्त्यावरच्या झाडाची साल अजिबात काढू नका. सालीच्या आतल्या थरातूनच पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं. बुंध्याभोवती पट्टा निघाला की मुळं उपाशी पडतात आणि झाड वर्ष-दोन वर्षांत वाळतं. कायद्यानेही अडकाल. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची लागते.

५० ग्रॅम पानं म्हणजे पाच-सहा डहाळ्यांचा ऐवज. पावसाळ्यात सोसायट्यांमध्ये परवानगीने छाटणी चालू असते, छाटलेल्या फांद्या गेटपाशी पडलेल्या असतात, सेक्रेटरींना विचारून त्यातल्याच उचला. त्याच दिवशी कापलेल्या घ्या. दोन दिवस ओल्या ढिगात तापलेली पानं काळपट पडतात, ती अर्काला नकोत. हायवेलगतच्या झाडांची टाळा, पानांवर धुळीचा आणि काजळीचा थर असतो, धुऊन पूर्ण जात नाही आणि गाळताना कागद तुंबवतो.

खोडाला चुना-गेरू फासलेला असतो तिथली खालची पानंही सोडा.

दोन_डोस_तीन_वेळा

पोस्टरच्या मजकुराबद्दल एक गोष्ट कुणी लिहिली नाही. चॅटर्जींच्या नावाबरोबर ‘आयुष-५६’ येतंच, अपस्मारावरचं औषध, मार्सिलिया मिन्यूटा आणि जटामांसी यांपासूनचं. सप्तपर्णी, काडेचिराईत, कुटकी, सागरगोटा यांचं मलेरियाविरोधी मिश्रणही येतं. दोन्हींवर त्यांनी काम केलं, असं लिहा. ‘अमुक वनस्पतीने फिट्स बऱ्या होतात’ असं लिहू नका. प्रदर्शनाला येणाऱ्या दोनशे जणांत एखाद्याच्या घरी फिट्सचा रुग्ण असणार. पोस्टर वाचून त्याने चालू गोळ्या अचानक थांबवल्या तर सलग झटके येऊन जिवावर बेतू शकतं. मलेरियाचंही तसंच. ताप आला तर रक्त तपासायचं, झाडाची साल उकळायची नाही.

मार्सिलिया म्हणजे भाताच्या खाचरात, बांधाकडेला ओलाव्यात दिसणारी, चार पानांची, नेच्यांच्या कुळातली वनस्पती. शहापूर-मुरबाडकडून येणाऱ्या मुलांनी ती नक्की पाहिलेली असते. फोटो लावा, मुलं ओळखतील. जटामांसीचा मात्र नमुना आणायच्या भानगडीत पडू नका. हिमालयातली आहे, अतिरेकी तोडीमुळे दुर्मीळ झालीय आणि बाजारात त्या नावाने काहीही खपतं.

प्रदर्शनातल्या एकाही कुपीचा वास घेऊ देऊ नका, चाखणं दूरच. ‘आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक’ अशी समजूत घेऊन मुलं येतात. सदाफुलीची कुंडी ठेवणार असाल तर तिच्यावरही पाटी लावा. पेशींची विभागणी थांबवणारी अल्कलॉइड्स आहेत त्यात, मधुमेहासाठी पानं चावायची गोष्ट नाही.

नौपाडा_वाचनकट्टा

सहमत. आणखी एक भर, दुसऱ्या पोस्टरसाठी.

बाईंचं काम नेमकं काय होतं, हे मुलांना ‘संशोधन केलं’ या दोन शब्दांत कळत नाही. तुमच्या फनेलवरूनच सांगा. अर्क काढणं ही पहिली पायरी. त्या मिश्रणातून एकेक अल्कलॉइड वेगळं करून स्फटिक करायचं ही दुसरी. आणि मग त्या स्फटिकाच्या आत कुठला अणू कुठे जोडलाय ते ठरवायचं. १९४० च्या दशकात एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणारं यंत्र, प्रयोगशाळेत नव्हतं. रेणू तोडायचा, उदाहरणार्थ सेलेनियमबरोबर तापवून त्याचा हायड्रोजन काढायचा, राहिलेला सांगाडा ओळखीचा आहे का बघायचा, आणि तुकड्यांवरून अख्खं चित्र मांडायचं. फुटलेली कपबशी जोडतो तसं, फक्त बशी कधी पाहिलेली नाही. सर्पगंधेतल्या अजमॅलिसिन आणि सार्पाजिनच्या रचनेवर, अणूंच्या त्रिमितीतल्या मांडणीवर त्यांचं काम आहे. दर पायरीला माल कमी होतो, म्हणून सुरुवातीला वनस्पती किलोंनी लागते. तुमच्या १० ग्रॅमच्या पापुद्र्याशेजारी हे लिहिलं की प्रमाण कळेल.

१९७२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विशेष साहाय्याने नैसर्गिक रसायनांचं अध्यापन-संशोधन वाढवायचा कार्यक्रम कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला, त्याच्या त्या मानद समन्वयक होत्या. पोस्टरवर ‘शिक्षिका’ असा रकाना करा आणि १९४० च्या विभागाखाली हे ठेवा.

वाशी_खाडीकाठ

शेवटचा प्रश्न. बारावीच्या मुली विचारतीलच की या वाटेने आज कसं जायचं. एका चौकटीत बसेल एवढं कुणी सांगेल का?

टीटीसी_क्यूसी

चौकटीत एवढं टाका: बारावी विज्ञान, एमएचटी-सीईटी, बी.फार्म चार वर्षं. मग जीपॅट ही एम.फार्मसाठीची परीक्षा, जी २०२४ पासून एनबीईएमएस (वैद्यकीय परीक्षांचं राष्ट्रीय मंडळ) घेतं. एम.फार्म दोन वर्षं, झाडांत रस असेल तर फार्माकॉग्नसी, रेणूंत असेल तर फार्मास्युटिकल केमिस्ट्री. जीपॅट पात्र असेल आणि संस्था एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) मान्य असेल तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन, २४ महिने. त्यासाठी पोर्टलवर नाव चढवण्याची मुदत कॉलेजने चुकवली की पैसे अडकतात, म्हणून प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यातच ऑफिसात विचारायचं. सहायक प्राध्यापक व्हायला त्या शाखेतलं एम.फार्म लागतं, वरच्या पदांना पीएच.डी. आणि अनुभव. नुसतं रसायनशास्त्रात एम.एस्सी. करूनही या संशोधनात येता येतं, चॅटर्जी तशाच आल्या, पण फार्मसी कॉलेजात शिकवायचं तर फार्मसीची पदवी आधी.

फक्त मुलींसाठीचं हवं असेल तर एसएनडीटी विद्यापीठाचं सी. यू. शाह कॉलेज ऑफ फार्मसी आहे, १९८० पासून, सांताक्रूझला जुहूच्या कॅम्पसमध्ये. वाशीहून हार्बरने वडाळ्याला बदलून जाता येतं.

वाशी_खाडीकाठ

पहिल्या पोस्टरचा मथळा असा केलाय: ‘१९४०: पदवीआधी विभाग’. चालेल?

नौपाडा_वाचनकट्टा

‘पदवी’ नको, एम.एस्सी. होतीच ना त्यांच्याकडे. ‘डॉक्टरेटआधी विभाग’ करा. आणि ‘असीमा’ दीर्घ ई, छापायच्या फाइलमध्ये तुम्ही ‘असिमा’ लिहिलंय.